डाग कशाचा? शरीरद्रवांच्या जलद चाचण्यांच्या अभ्यासाला प्रस्तावना

घटनास्थळी पोहोचलेल्या तपास अधिकाऱ्यासमोर पहिल्या अर्ध्या तासात जे प्रश्न उभे राहतात, त्यांत एक हमखास असतो: हा डाग कशाचा? मोरीच्या कठड्यावरचा तपकिरी ओघळ रक्ताचा की गंजाचा? चादरीवर वाळून कडक झालेला पिवळसर ठिपका वीर्याचा की पेजेचा? जिन्याच्या कोपऱ्यातली लाल पिचकारी पानाची, की मार खाल्लेल्या कुणाच्या तोंडातून आलेल्या रक्ताची? प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडायला आठवडे, कधी महिने जातात. तपास तोवर थांबत नाही. कोणाला ताब्यात घ्यायचे, कोणती खोली सील करायची, कोणते कपडे जप्त करायचे, हे त्याच दिवशी ठरते. काही मिनिटांत, शक्य तर जागेवरच, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर देणाऱ्या चाचण्यांचा अभ्यास म्हणजे आपला विषय.

न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी, पोलीस ठाण्यातले अधिकारी, सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय तपासणी करणारे डॉक्टर आणि सत्र न्यायालयात उभे राहणारे वकील अशा चौघांना समोर ठेवून ही प्रस्तावना लिहिली आहे. चौघांनी हा विषय एकत्र वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. डाग उचलणारा, तपासणारा, अहवाल लिहिणारा आणि त्या अहवालावर उलटतपासणी करणारा ही माणसे वेगवेगळी असतात, आणि या विषयातल्या बहुतेक दुर्घटना त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत घडतात. रसायनशास्त्राची मोठी तयारी नसली तरी चालेल. बारावीचे विज्ञान आठवत असेल तर पुढचे सगळे समजेल.

एका जुन्या आणि आजही रोज वापरात असलेल्या चाचणीपासून सुरुवात करू. कास्टल–मेयर चाचणी हे तिचे नाव. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ कास्टल आणि जर्मन वैद्य एरिख मेयर यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामातून ती उभी राहिली. डागावरून ओलसर स्वॅब हलकेच फिरवायचा. स्वॅबच्या टोकावर अल्कोहोलचा एक थेंब टाकायचा, मग फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगहीन, क्षपण केलेल्या द्रावणाचा एक थेंब. इथे हात थांबवायचा आणि पाहायचे. याच टप्प्यावर गुलाबी रंग आला तर डागात काहीतरी ऑक्सिडीकारक मिसळलेले आहे, आणि ही चाचणी त्या डागासाठी बाद. रंग आला नाही तरच हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. रक्त असेल तर काही सेकंदांत टोक गडद गुलाबी होते. मिनिटभर थांबून पुन्हा पाहिलेत तर कोरा स्वॅबही हवेतल्या ऑक्सिजनमुळे गुलाबी दिसू लागतो, म्हणून निकाल लगेच वाचायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

हे घडते कसे? हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त हीम हा भाग पेरॉक्सिडेज विकरासारखा वागतो. तो पेरॉक्साइडकडून ऑक्सिडीकरण करून घेतो आणि रंगहीन द्रव्य रंगीत होते. म्हणजे ही चाचणी शोधते ती ऑक्सिडीकरण घडवून आणण्याची क्षमता. ती क्षमता बोकडाच्या आणि कोंबडीच्या रक्तातही तितकीच असते. मुळा, बटाटा अशा वनस्पतींच्या खऱ्या पेरॉक्सिडेजमध्ये ती असते. तांब्याच्या आणि लोखंडाच्या क्षारांमुळे आणि कपडे धुण्याच्या ब्लीचमुळेही रंग येऊ शकतो. मधल्या थेंबानंतर थांबायचे ते अशा काही पदार्थांना गाळण्यासाठी, पण सगळे त्या गाळणीत अडकत नाहीत. या चाचणीचा निकाल नकारात्मक आला तर तो बराच विश्वासाचा असतो: तिथे रक्त नसण्याची शक्यता मोठी. सकारात्मक आला तर त्याचा अर्थ एवढाच, की इथे रक्त असू शकते, पुढे तपासा. या विषयाच्या भाषेत ही प्राथमिक चाचणी. खात्रीची चाचणी वेगळी, आणि या दोघींमधला फरक हा आपल्या अभ्यासाचा कणा आहे.

ल्युमिनॉल याच घराण्यातला. 1937 मध्ये जर्मनीतल्या येना इथे वाल्टर श्पेख्टने तो गुन्ह्याच्या तपासात वापरण्याजोगा असल्याचे दाखवले. अंधाऱ्या खोलीत फवारला की पुसलेल्या, धुतलेल्या रक्ताच्या जागी निळसर प्रकाश उमटतो. चित्रपटांनी तो घरोघरी पोहोचवला आहे. ब्लीचने पुसलेली फरशीही तशीच उजळते, हे मात्र चित्रपट सांगत नाहीत.

रक्त आहे हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग त्याआधीच सापडला होता. पोलंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ लुडविक टाइखमन यांनी 1853 मध्ये वाळलेल्या रक्तातून हिमिनचे तपकिरी, समांतर बाजूंचे स्फटिक मिळवून दाखवले. 1912 मध्ये जपानच्या ताकायामा यांनी लालसर गुलाबी, पिसांसारखे स्फटिक देणारी सुधारित पद्धत दिली. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्फटिक दिसले की रक्ताबद्दल शंका उरत नाही. प्रश्न उरतो तो, रक्त कोणाचे? माणसाचे की जनावराचे?

या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर 1901 मध्ये जर्मनीच्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात पाउल ऊलेनहुट या तरुण डॉक्टराने दिले. सशाच्या शरीरात माणसाचे रक्तद्रव टोचले तर सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्या सशाचा रक्तरस माणसाच्या रक्ताच्या द्रावणात मिसळला की गढूळ साका बसतो. घोड्याच्या वा गाईच्या रक्तात बसत नाही. त्याच वर्षी बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांची निर्घृण हत्या झाली. संशय लुडविग टेसनो नावाच्या फिरत्या सुतारावर होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात दोन मुलींच्या हत्येनंतरही त्याला पकडले होते. तेव्हा कपड्यांवरचे डाग लाकडाला लावायच्या रंगाचे आहेत असे सांगून तो सुटला होता. याही वेळी त्याने तेच सांगितले. र्‍यूगेनच्या हत्येआधी काही आठवडे त्याच बेटावर कोणीतरी मेंढ्याही कापून टाकल्या होत्या. ऊलेनहुटने टेसनोचे कपडे तपासले तेव्हा काही डागांत माणसाचे रक्त निघाले, काहींत मेंढीचे. टेसनो दोषी ठरला.

आज आपण खिशात घालून नेतो ती पट्टी ऊलेनहुटच्या सशाचीच पुढची पिढी आहे. म्हणून हा प्रसंग विस्ताराने सांगितला. रंगाच्या चाचणीला ‘कोणाचे रक्त’ हा प्रश्नच विचारता येत नाही. प्रतिपिंडाला येतो.

भारतात ही पद्धत फार लवकर पोहोचली. 1910 मध्ये कोलकात्यात सरकारी रक्तरसशास्त्र विभाग सुरू झाला. देशभरातल्या खटल्यांतले रक्ताचे डाग मग तिकडे जाऊ लागले. मुंबईत त्याआधीपासून सरकारच्या रासायनिक विश्लेषकाचे, म्हणजे ‘केमिकल अॅनालायझर’चे, कार्यालय होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आय. बी. लायन हे ते पद सांभाळत, आणि भारतातल्या न्यायवैद्यकावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. महाराष्ट्राच्या न्यायालयांत आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’च म्हणतात. तो शब्द त्या पदाचा वारसा आहे. कालिन्यातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपासून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथल्या प्रयोगशाळांपर्यंत रोज गाठोड्यांनी मुद्देमाल येतो. त्यातल्या प्रत्येक कपड्यावर कोणीतरी आधी हेच विचारते: डाग कशाचा?

आता पट्टीकडे वळू. कोविडच्या काळात घरी वापरायची अँटिजेन किट आपण सर्वांनी पाहिली. गर्भधारणेची चाचणी त्याहून जुनी. तंत्र तेच. डागाचा एक लहानसा कापलेला तुकडा किंवा स्वॅबचे टोक बफर द्रावणात भिजवायचे आणि त्याचे काही थेंब पट्टीच्या एका टोकाच्या खाचेत सोडायचे. तिथे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेली प्रतिपिंडे सुकवून ठेवलेली असतात. समजा, आपण हिमोग्लोबिन शोधतो आहोत. ते द्रावणात असेल तर त्याचे रेणू या प्रतिपिंडांना चिकटतात आणि सगळे मिळून नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावरून पुढे सरकतात. पडद्यावर एका आडव्या रेषेत दुसरी प्रतिपिंडे घट्ट बसवलेली असतात. ती हिमोग्लोबिनला पकडतात, सोन्याचे कण तिथे साचतात आणि गुलाबी रेष दिसू लागते. पुढची दुसरी रेष नियंत्रणाची. ती उमटली नाही तर पट्टीच बिघडलेली आहे आणि निकाल कोणताही असो, तो वाचायचा नाही. साधारण दहा मिनिटांत सगळे आटोपते.

इथे एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. डाग ताजा, भरपूर आणि घट्ट असेल तर रेष ठळक यायला हवी. कधी ती येतच नाही. द्रावणात हिमोग्लोबिन इतके जास्त असते की सोन्याच्या प्रतिपिंडांना आणि रेषेवरच्या प्रतिपिंडांना वेगवेगळे रेणू भरून टाकतात. दोघांना जोडणारा रेणू उरत नाही आणि पट्टी कोरी राहते. याला हुक परिणाम म्हणतात. उपाय सोपा: द्रावण शंभर पट, हजार पट पातळ करून पुन्हा लावायचे. पण हा उपाय सुचण्यासाठी आधी शंका यावी लागते. डोळ्यांना स्पष्ट दिसणारा लालभडक डाग आणि कोरी पट्टी समोर आली, तर पट्टीवर आंधळा विश्वास ठेवू नका. द्रावणाचा रंग पाहा. ते फिकट, जेमतेम वाळल्या गवताच्या रंगाचे असायला हवे. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग मुद्दाम ठेवावा असे मला वाटते. एकदा डोळ्यांनी पाहिलेली कोरी पट्टी जन्मभर लक्षात राहते.

हिमोग्लोबिनच्या पट्ट्या माणसाच्या रक्ताला प्रतिसाद देतात, तशा वानरकुळातल्या प्राण्यांच्या आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या पाळीव प्राण्याच्या रक्तालाही देतात. लाल पेशींच्या आवरणावरचे ग्लायकोफोरिन ए हे प्रथिन शोधणाऱ्या वेगळ्या पट्ट्या आहेत. कोणती पट्टी वापरली हे म्हणूनच नावासह नोंदवावे लागते. ‘पट्टीची चाचणी सकारात्मक’ एवढे लिहून भागत नाही.

वीर्याच्या चाचण्यांवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण त्यांच्याशी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतली माणसे जोडलेली असतात. डेन्मार्कच्या फ्रँक लुंडक्विस्ट यांनी 1945 मध्ये वीर्यातल्या आम्लीय फॉस्फटेज या विकरावरून डाग ओळखता येईल असे सुचवले. हे विकर वीर्यात विपुल असते आणि योग्य रंगद्रव्य वापरले की डाग जांभळा होतो. पण योनिस्रावातही ते थोडे असते, म्हणून ही चाचणी प्राथमिकच. खात्रीची पद्धत शुक्राणू पाहण्याची. ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या दोन रंगांच्या प्रक्रियेत शुक्राणूचे डोके लाल आणि शेपटी हिरवी दिसते. सरावलेल्या डोळ्याला एक शुक्राणूसुद्धा पुरतो.

शुक्राणू मुळात नसतीलच तर? पुरुषाची नसबंदी झालेली असेल किंवा त्याच्या वीर्यात शुक्राणू तयारच होत नसतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. पूर्वी असा अहवाल ‘वीर्य आढळले नाही’ असा जाई. पौरुषग्रंथीतून स्रवणारे पीएसए हे प्रथिन न्यायवैद्यकात आणले गेले ते याच पोकळीसाठी. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज सेन्साबॉ यांनी ते ‘पी30’ या नावाने वेगळे केले. वीर्यात ते मिलिलिटरला मिलिग्रामच्या हिशेबात असते, तर प्रचलित पट्टी मिलिलिटरला 4 नॅनोग्रामच्या आसपासही रेष दाखवते. म्हणजे तत्त्वतः वीर्य लाख पट पातळ झाले तरी पकडले जाऊ शकते. या तीक्ष्णतेची दुसरी बाजूही शिकली पाहिजे. स्त्रीच्या लघवीत आणि आईच्या दुधात पीएसए अल्प प्रमाणात सापडते. म्हणून सेमिनोजेलिन या वीर्यातल्या दुसऱ्या प्रथिनाच्या पट्ट्या पुढे आल्या, आणि दोन्हींचा निकाल मिळून वाचणे शहाणपणाचे ठरते.

वेळेचा हिशेब निर्दय असतो. शरीरातून घेतलेल्या नमुन्यात फॉस्फटेज आणि पीएसए साधारण एक-दोन दिवसांत ओसरतात. शुक्राणूंची डोकी त्याहून जास्त काळ टिकतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना अत्याचारानंतर 96 तासांपर्यंत नमुने घ्यायला सांगतात, ते याच कारणाने. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या अशा तपासण्यांचा दर्जा किती खालावला आहे हे 2010 च्या सुमारास दाखवून दिले. त्यातून न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रश्नाने राज्यातल्या तपासणीच्या प्रपत्रांवर परिणाम केला. त्यांचे काम या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचावे.

आणि एक गोष्ट इथेच ठामपणे सांगतो. वीर्य सापडले नाही याचा अर्थ अत्याचार झाला नाही असा होत नाही. उशीर, आंघोळ, धुतलेले कपडे, निरोध, वीर्यस्खलन न होणे, कारणे कितीतरी असतात. कायद्याच्या व्याख्येत वीर्य सापडण्याची अट नाही. तरीही ‘पीएसए निगेटिव्ह’ हे दोन शब्द पीडितेच्या विरोधात वापरले जाताना दिसतात. चाचणीच्या मर्यादा अहवालातच लिहिल्या असत्या तर हे करणे इतके सोपे राहिले नसते.

लाळ, लघवी आणि मासिक पाळीचे रक्त यांच्याबद्दल थोडक्यात. लाळेसाठी अमायलेज शोधतात. निळा रंग बांधलेल्या स्टार्चवर अमायलेजने काम केले की रंग मोकळा होतो. हीच ती फॅडेबास पद्धत. लाळेतल्या अमायलेजच्या पट्ट्याही मिळतात. आईच्या दुधात आणि विष्ठेतही अमायलेज असते, तेव्हा इथेही सावधगिरी हवी. चावल्याच्या खुणा, थुंकलेले पान, पाकिटाची चाटलेली कड, पाण्याच्या बाटलीचे तोंड अशा ठिकाणी लाळ महत्त्वाची ठरते, कारण तिच्यातल्या पेशींमधून डीएनए मिळतो. लघवीसाठी टॅम–हॉर्सफॉल प्रथिनाची पट्टी आहे. मासिक पाळीचे रक्त ओळखणे हे मात्र खरोखर अवघड आणि खटल्यात निर्णायक काम. बचाव पक्ष ‘हे रक्त पाळीचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा उत्तर देता आले पाहिजे. पाळीच्या रक्तातल्या गुठळ्या शरीरातच विरघळलेल्या असतात, म्हणून त्यात डी-डायमर हा फायब्रिनचा तुकडा भरपूर असतो. हिमोग्लोबिन आणि डी-डायमर या दोन्हींच्या रेषा एकाच पट्टीवर दाखवणारी किट आता आहे. मृत्यूनंतरच्या रक्तातही डी-डायमर वाढतो, एवढे लक्षात ठेवून ती वापरावी.

आता ज्या खटल्यामुळे हा विषय जगभर नव्याने शिकवला जाऊ लागला, त्याकडे येतो. 17 ऑगस्ट 1980. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या उलुरू इथे तंबूत झोपलेली अझारिया ही जेमतेम नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिची आई लिंडी चेंबरलेन सांगत होती की डिंगो या रानटी कुत्र्याने तिला उचलून नेले. पुढे कुटुंबाची गाडी तपासली गेली. ऑर्थो-टोलिडीन या प्राथमिक चाचणीला गाडीत अनेक ठिकाणी प्रतिसाद मिळाला. नंतर गर्भातल्या हिमोग्लोबिनविरुद्धच्या प्रतिपिंडांनी तान्ह्या मुलाचे रक्त असल्याचा निष्कर्ष काढला गेला. डॅशबोर्डखाली रक्ताच्या चिळकांडीसारखा पसरलेला एक नमुना सरकार पक्षाने न्यायालयात मांडला. 1982 मध्ये लिंडीला जन्मठेप झाली.

नंतर काय निघाले? चिळकांडी वाटलेला तो नमुना कारखान्यात आवाज दाबण्यासाठी फवारलेल्या डांबरी लेपाचा होता. कुटुंब माउंट आयसा या तांब्याच्या खाणींच्या गावचे होते. तिथली धूळ गाडीत सर्वत्र होती, आणि तांबे ऑर्थो-टोलिडीनला रक्तासारखाच प्रतिसाद देते. प्रतिपिंडांच्या चाचण्यांच्या मूळ काचा प्रचलित रीतीप्रमाणे आधीच नष्ट केल्या गेल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या कोणाला त्या पाहता आल्या नाहीत. 1986 मध्ये वाळवंटात मुलीचे जाकीट सापडले आणि लिंडीची सुटका झाली. 1987 च्या चौकशी आयोगाने पुराव्यांवर गंभीर शंका नोंदवल्या, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि 2012 मध्ये मृत्यूचे कारण डिंगो असे अधिकृतपणे नोंदले गेले.

या खटल्यात चाचण्या खोट्या नव्हत्या. त्यांनी रसायनाप्रमाणे उत्तर दिले. तांब्याने रंग आणला, तो आणणारच. चूक त्या उत्तराला दिलेल्या अर्थात होती. ही चूक किती साध्या रूपात घडते हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रेग टेलरच्या खटल्यात दिसते. 1993 मध्ये तो खुनासाठी दोषी ठरला. त्याच्या गाडीवर प्राथमिक चाचणी सकारात्मक आली होती, आणि अहवालात ‘रक्ताची रासायनिक चिन्हे’ असे लिहिले होते. पुढच्या चाचण्यांत रक्त असल्याची खात्री झालेली नव्हती. ती नोंद प्रयोगशाळेच्या टिपणांतच राहिली, अहवालात आली नाही. 2010 मध्ये तीन न्यायाधीशांच्या समितीने त्याला निर्दोष ठरवले. त्यानंतर त्या प्रयोगशाळेच्या जुन्या प्रकरणांची तपासणी झाली तेव्हा अशाच त्रुटीची दोनशेहून अधिक प्रकरणे पुढे आली.

म्हणून या विषयात मला एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पट्टीवरच्या रेषेपेक्षा तिच्यावरून लिहिलेले वाक्य अधिक काळजीने पारखले पाहिजे. आपल्याकडे तर ते दुप्पट खरे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 नुसार सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. लिहिणारी व्यक्ती साक्षीला येईलच असे नाही. तिचे वाक्यच साक्ष देते.

भारतीय खटल्यांत उलट दिशेचा प्रश्नही वारंवार येतो: रक्त आहे, पण ते माणसाचे आहे का ते ठरवता आले नाही, कारण डाग विघटित झाला. तेजा राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितले की रक्तरस विघटित झाल्यामुळे उगम ठरला नाही, एवढ्यावरून ते माणसाचे रक्त नव्हतेच असे म्हणता येत नाही. अशा अहवालाचे वजन त्या त्या खटल्याच्या परिस्थितीवर ठरेल. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा. प्रयोगशाळेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावे, की डाग विघटित का झाला?

उत्तर पुष्कळदा पंचनाम्याच्या जागीच असते. कोकणात जुलै महिन्यात ओला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सील केला, तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि जिवाणू प्रथिने खाऊन टाकतात. मग प्रयोगशाळेतली सर्वोत्तम पट्टीही कोरीच राहणार. कपडा सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कागदी पाकिटात ठेवा. प्रत्येक वस्तू वेगळी ठेवा. डाग नसलेल्या भागाचाही एक स्वॅब नियंत्रण म्हणून घ्या. सगळा डाग चाचणीत घालवू नका. डीएनएसाठी राखून ठेवा, आणि पट्टीसाठी काढलेले उरलेले द्रावण फेकू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 176 नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे हा तपासाचा भाग होतो आहे. राज्यांना त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करायची आहे. म्हणजे हे काम शिकलेल्या माणसांची मोठी गरज भासणार आहे. या क्षेत्रात येण्याची हीच वेळ आहे.

पट्ट्यांपलीकडेही बरेच काही घडते आहे. फ्लोरिडातल्या ज्युसोला आणि बॅलंटाइन यांनी 2003 मध्ये दाखवले की पेशींतल्या संदेशवाहक आरएनएवरून डाग कोणत्या द्रवाचा ते सांगता येते. डीएनएवरच्या मिथाइल खुणांवरून तेच करण्याची वाट पुढे निघाली. न्यूयॉर्क राज्यात इगोर लेडनेव यांचा गट प्रकाशाच्या रामन विकिरणावरून, डागाला हात न लावता उत्तर शोधतो आहे. ज्या परिणामावर हे सगळे उभे आहे, तो सर सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात शोधला. या पद्धती अजून रोजच्या कामात सर्वत्र आलेल्या नाहीत. येतील तेव्हाही त्यांच्या मर्यादा तितक्याच बारकाईने शिकाव्या लागतील.

तोवर आपल्या हाताशी असलेल्या कामासाठी एक विनंती. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच पट्ट्या अमेरिकेत आणि जर्मनीत तयार झालेल्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत आपल्या घरातल्या वस्तू क्वचितच सापडतात. पानाची पिंक, तंबाखू आणि चुना, कुंकू, शेंदूर, मेंदी, हळद, चिंचेचे पाणी, तांब्याचा हंडा घासलेली राख, मोरीतला गंज, स्वस्त केसकलप, पावसात दोन दिवस भिजलेला कपडा: यांच्यावर या चाचण्या कशा वागतात हे आपल्याच प्रयोगशाळांनी पद्धतशीरपणे तपासायला हवे. पदव्युत्तर वर्गातला एखादा गट एका सत्रात हे काम करू शकतो. खर्च फार नाही, आणि निकाल राज्यातल्या प्रत्येक तपास अधिकाऱ्याच्या उपयोगी पडेल. आपल्यापैकी कोणी हे काम हाती घेतले, तर नकारात्मक आणि गोंधळात टाकणारे निकालही पूर्ण लिहा, पट्टीचे नाव आणि लॉट क्रमांक द्या, आणि ते मराठीतही प्रसिद्ध करा.